नव्या गावठाणातला एक मे

(पुनर्वसित गावांच्या वतीने जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून या मांडवात मालाच्या भावावर बोलणं झालं, विजेवर झालं, कर्जावर झालं. आता पुनर्वसित गावांची पाळी आली म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, हे लोक जमिनीचं आणि पाण्याचं गाऱ्हाणं मांडणार. ते मांडणार आहोतच. पण सुरुवात आम्ही एका सुटीच्या दिवसापासून करणार आहोत. तो दिवस म्हणजे एक मे, महाराष्ट्र दिन. नव्या गावठाणात हा दिवस साजरा करायचा की नाही, यावर आमच्यात चार वर्षं भांडण चाललं. करायचा ठरल्यावर कसा करायचा, यावर आणखी भांडण झालं. त्या भांडणातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो. आमच्यासारख्या वसाहती या जिल्ह्यात आणखी आहेत, आणि ज्यांच्या शिवारात त्या वसवल्या ते शेतकरीही आज इथे समोर बसलेले आहेत. दोघांनीही हे ऐकावं.

गाव उठलं ते उन्हाळ्यातच

आमचं गाव १९९३ च्या उन्हाळ्यात उठलं. धरणातली गावं बहुतेक उन्हाळ्यातच उठतात. उन्हाळ्यात घळभरणी उरकायची आणि जूनचं पाणी अडवायचं, असा धरण बांधणाऱ्यांचा हिशेब असतो. शेतकऱ्याचा उन्हाळ्याचा हिशेब वेगळा असतो. नांगरट, कुळवणी, घर शाकारणं, लग्नं, जत्रा आणि मुंबईची माणसं सुटीला गावी येणं. आमची ती सगळी कामं त्या साली एकाच कामात बुडाली. घरं उतरवली, वासे मोजले, कौलं रचली, ट्रक भरले. आमचे लोक डोंगरातले, भात आणि नाचणी पिकवणारे. उतरलो ते ज्वारी आणि उसाच्या मुलखात, सपाट माळावर. तिथे चुन्याने आखलेले प्लॉट होते आणि पत्र्याच्या शेडी होत्या. मे महिन्यात पत्र्याखाली राहणं म्हणजे काय, ते इथल्या मायबहिणींना सांगायला नको.

जुन्या गावात आळ्या होत्या, भावकी शेजारी-शेजारी होती. प्लॉट वाटले ते चिठ्ठ्या टाकून. त्यामुळे एक भाऊ पहिल्या ओळीत आणि दुसरा सातव्या ओळीत गेला. देव मात्र आम्ही चिठ्ठीवर सोडला नाही. देव डोक्यावरून आणला आणि वसाहतीच्या मधोमध ओट्यावर ठेवला. सण-वार सगळे आमच्याबरोबर आले. बैलपोळा आला, शिमगा आला, जत्रा आली. आले नाहीत ते दोनच दिवस, पंधरा ऑगस्ट आणि एक मे. ते दिवस जुन्या गावात चावडीपुढे होत होते. इथे चावडीच नव्हती. शाळा एका शेडीत भरायची, ग्रामपंचायत शेजारच्या मूळ गावाची, आणि झेंडा तिथला. आमची पोरं रांगेने तिथे जायची, मागे उभी राहायची आणि परत यायची. ‘धरणवाल्यांची पोरं’ हे त्यांचं तिथलं नाव.

एक मे कोणाचा?

आमच्यातल्या तरुणांनी पहिल्याच वर्षी प्रश्न काढला. महाराष्ट्र दिन म्हणजे महाराष्ट्राचा वाढदिवस. ज्या राज्याने गाव उठवलं, त्याचा वाढदिवस आपण का करायचा? प्रश्न खोटा नव्हता. त्याचं उत्तर देण्याआधी आम्हाला एक मेचा इतिहास पुन्हा उलगडावा लागला.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र घालून द्विभाषिक मुंबई राज्य केलं गेलं. ते लोकांना मान्य नव्हतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी लढा झाला, गोळीबार झाले, १०६ माणसं हुतात्मा झाली. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्यं झाली. मुंबईत हुतात्मा चौकात जे स्मारक उभं आहे, त्यावर मशाल घेतलेल्या दोन मूर्ती आहेत. एक कामगाराची आणि एक शेतकऱ्याची. हे राज्य कोणी मिळवलं, ते त्या दगडात कोरून ठेवलेलं आहे.

आता याच वर्षांचा दुसरा हिशेब पाहा. कोयना धरणाचं काम १९५६ साली सुरू झालं आणि १९६४ साली धरण पुरं झालं. म्हणजे मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालल्या होत्या, तेव्हा कोयनेच्या खोऱ्यात दगड रचले जात होते. नव्या राज्याचा पाळणा हलला त्याच्या पुढेमागे त्या खोऱ्यातली माणसं गाडीत बसून रायगड, रत्नागिरी, ठाणे, सांगली, सोलापूर अशी पांगली. त्या धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. त्याचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट वीज तयार करण्याची ताकद आहे. राज्याचे कारखाने त्या विजेवर उभे राहिले. पण ती माणसं उठली तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो आला १९७६ साली. देशात असा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, याचा अभिमान सांगितला जातो आणि तो सांगायला हरकत नाही. पण तो कायदा कोणाच्या मेहेरबानीने आला नाही. धरणग्रस्तांनी परिषदा भरवल्या, मोर्चे काढले. पुण्यात हमालांची संघटना बांधणारे डॉ. बाबा आढाव धरणग्रस्तांच्याही लढ्यात उभे राहिले. नंतर १९८६ चा कायदा आला, मग १९९९ चा आला. प्रत्येक कायद्याच्या मागे रस्त्यावर बसलेली माणसं आहेत.

एक मे हा कामगार दिनही आहे. १८८६ साली अमेरिकेत शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला, तिथून तो आला. आपल्या देशात १९२३ साली मद्रासला तो पहिल्यांदा पाळला गेला. शेतकऱ्याला आठ तासांचा दिवस नाही आणि एक मेची सुटीही नाही, हे खरं. पण डोंगरातल्या घरांची गोष्ट अशी की एकाच घरातला एक भाऊ शेतावर आणि दुसरा मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारा. सातारा जिल्ह्यातल्या डोंगरी तालुक्यांतून किती माणसं माथाडी झाली, ते सगळ्यांना माहीत आहे. माथाडी कायदा १९६९ साली झाला तो अशाच माणसांच्या घामावर. म्हणजे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन आमच्या घरात एकाच चुलीवर जेवतात.

हे सगळं मांडल्यावर आमच्यातल्या एका म्हाताऱ्या आजीने तरुणांना विचारलं, “बाबांनो, सोयरा जेवायला बोलवत नाही म्हणून आपण लेकीचा वाढदिवस सोडतो का? राज्य सरकारचं आहे का आपलं?” भांडण तिथे संपलं असं नाही. पण बोलण्याची दिशा बदलली. आपण या राज्याचे पाहुणे आहोत की धनी, असा प्रश्न झाला.

मुळशीची आठवण

हा प्रश्न आमच्या आधी फार पूर्वी विचारला गेला आहे. मुळशी पेट्यात टाटा कंपनीचं धरण होत होतं तेव्हा १९२१ साली तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांच्या पुढे होते. ते तुरुंगात गेले, लढा हरला, गावं बुडाली. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी दिलेला आपल्या मुलखातला तो पहिला मोठा लढा. आणि १५ ऑगस्ट १९४७ ला पुणे शहरात तिरंगा फडकवण्याचा मान मिळाला तो याच सेनापती बापटांना. ज्याने बुडणाऱ्या गावांसाठी तुरुंग भोगला, त्याच्या हाताने झेंडा वर गेला. म्हणजे झेंडा आणि बुडालेलं गाव यांचं वैर नाही. आम्ही पोरांना हे सांगितलं, तेव्हा त्यांना ते पटलं. १९९७ च्या एक मेला आमच्या वसाहतीत पहिला झेंडा चढला.

झेंड्याचा ओटा बांधायला दगड जुन्या चावडीच्या पायरीचे आणले. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ती पायरी उघडी पडते. चार जण ट्रॅक्टर घेऊन गेले आणि दगड घेऊन आले. खर्च वर्गणीतून झाला. घरटी दहा रुपये, आणि ज्याला जमत नव्हतं त्याने एक दिवस अंगमेहनत दिली.

दोघांचाही सातबारा बांधलेला

आता जे सांगतो ते मूळ गावच्या शेतकऱ्यांनी नीट ऐकावं.

पहिल्या वर्षी झेंडा चढला तेव्हा मूळ गावातली माणसं आली नाहीत. उलट कुजबूज झाली, की आज झेंडा वेगळा केला, उद्या हे पाणी वेगळं मागतील. आमच्यातही काही जण म्हणाले, बरं झालं, आपलं आपल्याला करू द्या. तेव्हा आम्ही काही जणांनी एक काम केलं. दोन्हीकडचे सातबारे समोरासमोर मांडून बसलो.

आमच्या सातबाऱ्यावर काय आहे? भोगवटादार वर्ग दोन. मोबदल्यातले ६५ टक्के भरले, तेव्हा जमीन मिळाली. पण ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि बँकेत गेलं की वर्ग दोन पाहून साहेब कपाळाला आठ्या घालतो. जमीन आमची, पण पुरती आमची नाही.

आणि मूळ गावच्या सातबाऱ्यावर काय आहे? धरणाच्या लाभक्षेत्रात जमीन आली, म्हणून स्लॅब लागला. ठरावीक एकरांच्या वर ज्याची जमीन, त्याचा तुकडा पुनर्वसनासाठी घेतला. तोच आम्हाला मिळाला. ज्याचा तुकडा घेतला गेला नाही, त्याच्याही इतर हक्काच्या रकान्यात पुनर्वसनाचा शेरा बसला. तो शेरा वर्षानुवर्षं तसाच राहिला. खरेदी-विक्री अडली, भावाभावांचं वाटप अडलं. कालवा यायचा होता म्हणून जमीन गेली, आणि पुष्कळांच्या शेताला कालव्याचं पाणीही वेळेवर आलं नाही.

आता विचार करा. आमची जमीन पाण्याखाली गेली आणि त्यांची जमीन आमच्याखाली गेली. त्यांना वाटतं की आम्ही त्यांची जमीन खाल्ली. आम्हाला वाटतं की आमच्या बुडालेल्या गावाच्या पाण्यावर त्यांचा ऊस वाढला. दोन्हीत थोडं थोडं खरं आहे, म्हणून भांडण पक्कं होतं. पण निर्णय ना त्यांनी घेतला होता ना आम्ही. कागद तिसऱ्याच जागी तयार झाला, आणि सह्या-अंगठे मात्र आपले. तिसऱ्याने घेतलेल्या निर्णयावर दोन शेतकऱ्यांनी एकमेकांची डोकी फोडायची, हे आता बंद झालं पाहिजे.

हे बोलणं झालं, आणि पुढच्या एक मेला मूळ गावचे पाच-सहा शेतकरी आले. त्यातल्या एकाची तीन एकर जमीन आमच्या वसाहतीत गेलेली आहे. आम्ही त्यांनाच म्हणालो, “दादा, दोरी तुम्ही ओढा.” तेव्हापासून रिवाज पडला. एका वर्षी वसाहतीतलं माणूस आणि एका वर्षी मूळ गावचं. माणूस निवडताना पद पाहायचं नाही. ज्याची जमीन गेली, तोच निवडायचा. बायांची पाळीही येते, कारण जमीन गेली ती त्यांचीही गेली, जरी उताऱ्यावर त्यांचं नाव नव्हतं.

दिवस कसा जातो

पुष्कळ वसाहतींतले लोक विचारतात, तुम्ही त्या दिवशी करता तरी काय? फार काही करत नाही.

पहाटे रस्ते झाडतात, सडा पडतो. ऊन चढण्याआधी, सात वाजता, पोरांची प्रभातफेरी निघते. ती पूर्वी वसाहतीतच फिरायची, आता मूळ गावातून फिरून येते. आठला झेंडा. राष्ट्रगीत होतं आणि मग महाराष्ट्र गीत. ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ हे २०२३ साली राज्यगीत झालं. त्या गीतात कोयनेचं नाव आहे. आमच्या जिल्ह्यात कोयनेच्या खोऱ्यातून आलेलीही घरं आहेत. त्यांची नातवंडं ते नाव गातात. त्यांना आम्ही सांगतो, ही नदी तुमच्या आजीच्या दारातून वाहत होती.

झेंडा झाला की शाळेचा निकाल. एक मेला प्रगतिपुस्तक मिळणं हा पोरांचा खरा सण. निकाल झाला की गूळ-शेंगदाणे वाटतात. मुंबई-पुण्याला कामाला असलेले आमचे लोक त्या दिवसांत सुटीला आलेले असतात, तेही उभे असतात.

आणि मग दिवसाचं मुख्य काम. ग्रामसभा. शासनाने ग्रामसभेसाठी जे दिवस नेमून दिलेले आहेत, त्यात २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर यांच्याबरोबर १ मे येतो. पुष्कळ गावांत झेंडा झाला की लोक घरी जातात आणि ग्रामसभा रजिस्टरात भरते. सह्या दुपारनंतर दारोदार गोळा होतात. गणसंख्या म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यात जी कमी ती. इतकी माणसं झेंड्याला आलेलीच असतात. त्यांना तिथेच बसवायचं. आम्ही झेंड्याच्या आदल्या दिवशी दवंडी देतो, की उद्या झेंड्यानंतर कोणी हलायचं नाही, सतरंजी आंथरलेली आहे. मूळ गावात मांडव घातलेला असतो, आमची माणसं झेंड्यावरून सरळ तिथे जाऊन बसतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असा नियम आहे. ती आमच्याकडे आदल्या दिवशी संध्याकाळी देवाच्या ओट्यावर होते. तिथे ठरलेलं दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत पहिल्यांदा वाचलं जातं.

पहिल्या ग्रामसभेत आमच्या बाया उठल्या तेव्हा काय बोलल्या? महाराष्ट्राच्या थोरवीवर कोणी बोललं नाही. एक बाई म्हणाली, “आमच्यातलं माणूस मेलं तर जाळायला जागा नाही. ओढ्याच्या कडेला जाळतो, पावसात लाकडं वाहून जातात.” स्मशानभूमीचा ठराव त्या दिवशी झाला. त्या ठरावावर मूळ गावच्या माणसांनी हात वर केले. मेल्यावर तरी जागा लागते, हे दोघांनाही कळतं.

ठरावांचं काय झालं

आता कोणी म्हणेल, ठराव करून काय होतं? खरं ते सांगतो, वाढवून सांगत नाही.

पुनर्वसित गावठाणाला नागरी सुविधा द्यायच्या असतात. त्या अठरा मोजल्या जातात. पिण्याचं पाणी, शाळा आणि मैदान, समाजमंदिर, अंतर्गत रस्ते, पोचरस्ता, वीज, गटारं, स्मशानभूमी, एसटीचा थांबा, खळवाडी, गायरान वगैरे. आम्ही एक मोठा पुठ्ठा घेतला, त्यावर अठराही नावं लिहिली, आणि दर एक मेला झेंड्याच्या ओट्याशेजारी तो टांगला. जे झालं त्यापुढे बरोबरची खूण. जे झालं नाही त्यापुढे मागणी केल्याची तारीख आणि अर्ज दिल्याची पोच. मोठमोठे पाहुणे झेंड्याला आले की त्यांचं लक्ष झेंड्याकडून त्या पुठ्ठ्याकडे जातं.

पहिल्या वर्षी त्या पुठ्ठ्यावर सात खुणा होत्या. आता पंधरा आहेत. स्मशानभूमीला चार एक मे लागले. समाजमंदिराला सहा. गायरान अजून मिळालेलं नाही, खळवाडीवर अतिक्रमण आहे, आणि गटारं कागदावर पुरी झाली तरी पावसाळ्यात पाणी घरात येतं, म्हणून त्यापुढे आम्ही खूण केलेली नाही. कागद काहीही म्हणो, पुठ्ठा गावाचा आहे.

सर्वांत जास्त वेळ लागला तो गावाच्या नावाला. वसाहतीला स्वतःचं नाव नव्हतं. सरकारी कागदात आम्ही मूळ गावाचा एक भाग होतो. पोराच्या दाखल्यावर गावाचं नाव काय लिहायचं? लग्नपत्रिकेवर कोणतं लिहायचं? जमीन महसूल संहितेप्रमाणे महसुली गाव जाहीर व्हावं लागतं, तेव्हा गावाचा नकाशा वेगळा होतो, दप्तर वेगळं होतं. त्यासाठी आठ एक मे ठराव करावा लागला. मूळ गावच्या ग्रामसभेने तो ठराव आठही वेळा मंजूर केला. त्यांच्या हातांशिवाय तो मंजूर झाला नसता, कारण मतं त्यांची जास्त आहेत. आज आमच्या फाट्यावर पाटी आहे, आणि पाटीवर जुन्या गावाचंच नाव आहे.

त्यांचंही एक काम झालं. इतर हक्कातले शेरे काढून टाकावेत, असा ठराव आमच्या लोकांनी पुढे होऊन मांडला. ज्या जमिनी पुनर्वसनाला लागल्या नाहीत आणि लागणार नाहीत, त्यांच्यावर शेरा ठेवून कोणाचं भलं? काही शेतकऱ्यांचे शेरे निघाले, काहींचे बाकी आहेत. बाकी आहेत तोवर तो ठराव दर एक मेला होणार, आणि मांडणारा धरणग्रस्तच असणार.

जुनं गाव वर येतं तेव्हा

मे महिन्यात धरणाचं पाणी खाली जातं. उजनी धरण १९८० साली झालं. तिथे पाणी फार आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक पाहायला जातात. तसंच पुष्कळ धरणांत होतं. आमच्याही जुन्या गावाची जोती वर येतात. जातं पडलेलं दिसतं, उंबऱ्याचा दगड दिसतो. कोणाचं घर कोणतं, ते म्हातारी माणसं बोट दाखवून सांगतात.

नव्या गावात झेंडा लावला म्हणजे जुनं गाव विसरलो, असं आमच्यातल्या काही म्हाताऱ्यांना वाटत होतं. त्यांचं मन मोडायचं नव्हतं. म्हणून एक मेनंतरच्या पहिल्या रविवारी सगळे मिळून जुन्या गावाला जायचं ठरवलं. गाडीभाडं वर्गणीतून. तिथे नारळ फोडतात, भाकरी खातात. पोरं विचारतात, आजा, इथून शाळा किती लांब होती? गेली काही वर्षं मूळ गावची पोरंही बरोबर येतात. त्यांनी धरण पाहिलं होतं ते कालव्याच्या बाजूने. आत काय होतं, ते त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. त्यातला एक पोरगा चिखलातल्या जोत्यावर उभा राहून म्हणाला, “आमच्या उसाखाली हे होतं तर.” आम्ही त्याला काही सांगायला गेलो नाही. त्याने पाहिलं, तेवढं पुरे.

नर्मदेवरच्या सरदार सरोवराने महाराष्ट्रातली ३३ आदिवासी गावं बाधित केली. ती माणसं सातपुड्यातून उतरून तळोदा, शहाद्याच्या सपाटीवर वसली. लवादाचा निवाडा १९७९ चा, आणि जमिनीसाठीची भांडणं त्यानंतर कितीतरी वर्षं चालली. डोंगर सुटला, बोली वेगळी, शेजार नवा. हा प्रश्न आमचा एकट्याचा नाही, एवढंच सांगायचं आहे. राज्यात जिथे जिथे पाणी अडलं, रस्ता झाला, भूकंपाने घर पडलं, तिथे तिथे नवी गावठाणं आहेत, आणि प्रत्येक गावठाणात एक मे येतो.

पुढे काय करायचं

भावांनो आणि मायबहिणींनो, जिल्ह्यातल्या सर्व वसाहतींना आणि सर्व मूळ गावांना आमचं मागणं चार गोष्टींचं आहे.

पहिली गोष्ट. येत्या एक मेला प्रत्येक वसाहतीत झेंडा लागला पाहिजे. वेगळा चढवावा की मूळ गावात मिळून, ते आपापसांत ठरवा. पण आपली पोरं मागच्या रांगेत उभी राहता कामा नयेत.

दुसरी. त्या दिवशीची ग्रामसभा खरी भरली पाहिजे. सतरंजी आंथरा, रजिस्टर झेंड्यापाशी आणा, ठराव मोठ्याने वाचा, आणि लिहिलेला ठराव सही करण्याआधी पुन्हा वाचून घ्या. ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात मागा. आदल्या दिवशी बायांची सभा चुकवू नका. त्या सभेत निघतात ते प्रश्न पुरुषांच्या तोंडून वर्षानुवर्षं निघत नाहीत.

तिसरी. अठरा सुविधांचा पुठ्ठा प्रत्येक गावाने करावा. पुढच्या मेळाव्याला तो घेऊन यावा. सगळे पुठ्ठे या मांडवात एका ओळीत टांगले, तर जिल्ह्याचं पुनर्वसन किती झालं याचा वेगळा अहवाल कोणाला लिहावा लागणार नाही.

चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. धरणग्रस्ताच्या वर्ग दोनचा ठराव मूळ गावच्या शेतकऱ्याने मांडावा, आणि मूळ गावच्या शेऱ्याचा ठराव धरणग्रस्ताने मांडावा. आपापलं गाऱ्हाणं सगळेच मांडतात, आणि साहेब लोक एकाला सांगतात की त्याच्यामुळे तुझं अडलं. दुसऱ्याचं गाऱ्हाणं आपल्या तोंडून निघालं की साहेबाला ते सांगता येत नाही.

१९६० साली राज्य मिळालं तेव्हा ते मराठी माणसाचं राज्य, असं सांगितलं गेलं. ज्यांनी त्या राज्यासाठी घर, शेत आणि देवळाची जागा सोडली, त्यांनी त्याची किंमत इतरांपेक्षा जास्त भरलेली आहे. किंमत भरलेल्या माणसाने दाराबाहेर उभं राहायचं नसतं. येत्या एक मेला सकाळी आठला आपण सगळे आपापल्या गावात असू. आमच्या गावी यंदा दोरी ओढायची पाळी मूळ गावची आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर यावं. झेंड्यानंतर सतरंजी आंथरलेली असेल.